एकेका अणूचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी शहाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाणी व्हावीत, नाट्यप्रवेश व्हावा, आणि एक तरी व्याख्यान ज्ञानाचे असावे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले. म्हणून चिटणीसबाई मला म्हणाल्या, ‘‘त्या शास्त्रात सध्या काय नवीन चालले आहे ते सांगा, पण आम्हांला कळेल असे सांगा.’’ अट अवघड आहे. तरी ती मी मान्य केली. मी निवडलेला विषय असा : पापुद्र्यासारख्या अतिपातळ पदार्थांवर एकेक सुटा अणू बसवून त्याच्याकडून रासायनिक काम करून घेणे. नाव ऐकून बिचकू नका. हा विषय मुळात काटकसरीचा आहे, आणि काटकसर आपणांस कोणी शिकवावी असे नाही.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. शहाडची ओळख परगावच्या माणसाला दोन गोष्टींनी होते. एक बिर्ला मंदिरातला विठोबा आणि दुसरा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. १९५६ साली हा कारखाना सुरू झाला. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखे चकचकीत सूत काढावयाचे, हे त्याचे काम. कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड ह्यांच्या साहाय्याने लगद्याचा मधासारखा दाट द्राव करतात, आणि तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडतात. तेथे त्याचा तंतू बनतो. म्हणजे रेयॉनच्या साडीमागे गंधकाम्ल उभे आहे.

आता हे गंधकाम्ल होते कसे? गंधक जाळला की एक उग्र वायू निघतो. त्यात आणखी प्राणवायू मिळवावा लागतो. परंतु हे दोघे आपण होऊन लवकर जवळ येत नाहीत. नुसती उष्णता देऊन भागत नाही. म्हणून जगभरच्या कारखान्यांत तो तापलेला वायू व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या संयुगावरून नेतात. तेथे दोघांची गाठ चटकन पडते, आणि व्हॅनेडियम मात्र होता तसा मागे उरतो. अशा पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो. बर्झेलियस ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ह्या गुणाला १८३५ च्या सुमारास नाव दिले.

वर्गातल्या मुलींना मी भटजींचे उदाहरण देत असे. वधूवरांचे हात एकमेकांच्या हातांत देऊन भटजी पुढच्या मांडवात जायला मोकळे! स्वतः ते काही त्या संसारात अडकत नाहीत. इतके मात्र ध्यानात ठेवावे की, उत्प्रेरक नुसता दूर बसून मंत्र म्हणत नाही. तो घटकाभर दोघांचेही हात प्रत्यक्ष धरतो, आणि मग सोडून देतो. कसाऱ्याच्या पुढे गाडी डोंगर चढून पलीकडे जात नाही, बोगद्यातून जाते. रासायनिक क्रियेला असा बोगदा खणून देणे, हे उत्प्रेरकाचे काम. जाण्याचे ठिकाण तेच. कष्ट आणि इंधन मात्र वाचते.

आपल्या स्वयंपाकघरातही तो फार पूर्वीच येऊन गेला आहे. ‘डालडा’ १९३७ साली बाजारात आला. वनस्पती तूप म्हणजे पातळ तेलात हायड्रोजन मिळवून केलेले घट्ट तेल, आणि ही मिळवणी होते निकेल धातूच्या बारीक भुकटीवर. बारीक केलेल्या धातूंच्या ह्या करामतीबद्दल साबात्ये ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते.

भुकटीच का? निकेलचा गोळा का नाही? ह्याचे उत्तर आपणांपैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. खडीसाखर दुधात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर लगेच विरघळते. काम चालते ते पृष्ठभागावर. गोळ्याच्या पोटात दडलेला अणू कोणाच्याच हाताला लागत नाही. हिशेबच मांडू या. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १० अणू, असा एक चौकोनी ठोकळा घ्या. एकंदर अणू १०००. त्यांपैकी बाहेर दिसणारे ४८८, आणि आत बसून राहिलेले ५१२. आता प्रत्येक बाजू १०० अणूंची करा. एकंदर अणू १० लाख. बाहेर दिसतात ते ५८,८०८, म्हणजे शेकडा ६ सुद्धा नाहीत. बाकीचे शेकडा ९४ नुसते जेवणावळीला बसलेले!

निकेलच्या बाबतीत ही चैन एक वेळ चालेल. पण कित्येक कामांना प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू लागतात. इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. चोराला त्या लोखंडी नळीचे काय करायचे? त्याचा डोळा असतो आतल्या जाळीवर. धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करण्यासाठी त्या जाळीवर ह्या मौल्यवान धातूंचा हात दिलेला असतो. असा धातू पोटात वाया घालविणे म्हणजे चार दाण्यांच्या कामासाठी दोन तोळे सोने घरात आणून ते पेटीत कुलूप लावून ठेवण्यासारखे आहे.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की, ठोकळा लहान लहान करीत गेलो तर शेवट कोठे होईल? शेवट होईल तो एका सुट्या अणूपाशी. प्रत्येक अणू बाहेर, प्रत्येक अणू कामाला. हिशेब शंभर टक्के! परंतु येथेच खरी अडचण आहे. सुटा अणू एकटा राहत नाही. थोडी ऊब मिळाली की तो सरकतो, आणि दुसऱ्या अणूला जाऊन चिकटतो. उपमा करताना रवा नीट हलविला नाही तर जशा गुठळ्या होतात, तशाच येथेही होतात. आणि गुठळी झाली की पुन्हा आतले अणू निकामी. म्हणून सुट्या अणूला बसायला पक्की जागा हवी. ती जागा मिळाली पापुद्र्यांवर.

घडीची पोळी तव्यावर फुगली की तिचे पापुद्रे सुटे होतात, कारण थरांमध्ये आपण तेल लावलेले असते. सृष्टीतही असे पुष्कळ पदार्थ आहेत. अभ्रकाचे पान आपण लहानपणी नखाने सोलले आहे. पेन्सिलीतले शिसे म्हणून आपण ज्याला म्हणतो ते शिसे नसून ग्रॅफाइट असते. कार्बनच्या पापुद्र्यांची ती चळत आहे. लिहिताना वरचे पापुद्रे घसरून कागदावर राहतात. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख पापुद्रे मावतात. २००४ साली इंग्लंडातील मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह ह्या दोघांनी साध्या चिकटपट्टीने सोलून सोलून त्यांतला अगदी एक पापुद्रा वेगळा केला. त्याला ग्राफीन म्हणतात. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एक अणूच जाडी असल्यामुळे ह्या पापुद्र्याला ‘आत’ असे काही नाहीच. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजू मोजल्या तर सुमारे २६ गुंठे जागा भरते. आपल्याकडे गुंठ्याचा भाव काय आहे हे मी सांगायला नको. ही जागा मात्र चिमटीत मावते!

असाच दुसरा पदार्थ मॉलिब्डेनम आणि गंधक ह्यांचा. दिसायला काळा, हाताला गुळगुळीत. यंत्रांच्या ग्रीसमध्ये घालतात. त्याच्या प्रत्येक पापुद्र्यात मॉलिब्डेनमचा थर मध्ये आणि गंधकाचे थर वर-खाली, जणू पुरणपोळीच. हा पदार्थ आपल्या मुंबईतही राबतो आहे. डिझेलमधले गंधक काढण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांत, माहुलच्या कारखान्यांतसुद्धा, ह्याच जातीचा उत्प्रेरक वापरतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा १० लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणली गेली. ही मर्यादा पाळली जाते ती ह्या काळ्या पापुद्र्यांच्या जोरावर. आणि काढलेले गंधक गंधकाम्ल करणाऱ्यांच्या उपयोगी पडते.

ह्या पापुद्र्यांची एक खोड आहे. त्यांचे सगळे काम चालते ते काठावर. मधले सपाट मैदान स्वस्थ पडून असते. काठावर कोबाल्टचे थोडे अणू बसविले म्हणजे काम वाढते, हे डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच दाखविले होते. पण एवढे मोठे मैदान पडीक का ठेवावे? २०१५ साली चीनमधील दालियन येथे त्या मैदानातच प्लॅटिनमचे सुटे अणू रोवले, आणि पडीक जागा पाण्यातून हायड्रोजन काढण्याच्या कामी लागली. २०१७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तेथे कोबाल्टचे सुटे अणू बसविले. लाकडापासून मिळणाऱ्या तेलात सापडणाऱ्या एका पदार्थातला प्राणवायू काढण्यासाठी एरवी सुमारे ३०० अंश उष्णता लागे. ते काम १८० अंशांवर होऊ लागले. कुकर आल्यावर डाळीला लागणारे इंधन किती वाचले ते आठवा, म्हणजे ह्याचे मोल कळेल.

ह्या विद्येला ‘एकाणू उत्प्रेरण’ म्हणू या. तिला नाव मिळाले २०११ साली, त्याच दालियन शहरात. झांग ताओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसविले, आणि प्रबळ सूक्ष्मदर्शकातून ते एकेकटे बसलेले पाहिले. काळ्या चंद्रकळेवर सुट्या टिकल्या लावाव्यात तसे ते दिसतात.

भगिनींनो, आता जी गोष्ट सांगते ती मला ह्या सगळ्या विषयात फार गोड वाटते. माणसाने हे २०११ साली केले. सृष्टीने ते युगानुयुगे केले आहे, आणि ते आपल्या अंगात आहे. डॉक्टरीणबाई आपले रक्त तपासून ‘हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या’ म्हणतात. ते लोह रक्तात गोळ्या करून पडलेले नसते. त्याचा एकेक अणू चार नायट्रोजन अणूंच्या मध्ये, जणू चौरंगावर, बसविलेला असतो. अशाच चौरंगावर बसलेले लोह कॅटलेज नावाच्या एका विकरात (एन्झाइममध्ये) असते, आणि तेथे ते खरोखर उत्प्रेरकाचे काम करते. औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणा, आणि कच्च्या बटाट्याच्या कापावर चार थेंब टाका. पाहता पाहता फेस येईल. तो फेस म्हणजे चौरंगावरच्या त्या सुट्या लोह-अणूंनी मोकळा केलेला प्राणवायू. मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवा.

बटाट्याचे नाव निघाले म्हणून कमलाबाई सोहोनी ह्यांचे स्मरण करणे मला कर्तव्य वाटते. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्या गेल्या तेव्हा, मुलगी म्हणून त्यांना आधी नकार मिळाला होता. त्या हटल्या नाहीत. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यापासून आरंभ करून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते हे दाखविले, आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. सायटोक्रोम-सी म्हणजे पुन्हा तेच, चौरंगावर बसलेले लोह. मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या त्या पुढे संचालिका झाल्या. विज्ञान हे पुरुषांचे काम म्हणणाऱ्यांना ह्याहून चांगले उत्तर मजजवळ नाही.

ह्याच चौरंगाची नक्कल माणसानेही केली. छापखान्यात जी निळी शाई वापरतात तिच्यातले रंगद्रव्य म्हणजे चार नायट्रोजनांमध्ये बसलेला तांब्याचा एक अणू. तांब्याच्या जागी कोबाल्ट घातलेला त्याचा भाऊबंद इंधन-विद्युतघटात प्लॅटिनमचे काम थोडेफार करू शकतो, असे १९६४ साली दिसून आले. आता तोच चौरंग ग्राफीनच्या पापुद्र्यात कोरून त्यावर लोहाचा अणू बसविण्याचा उद्योग जगभर चालू आहे.

त्याचा आपल्याला काय उपयोग? २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर ह्यांनी मिळून तयार केलेली हायड्रोजनवर चालणारी बस लोकांपुढे आली. तिच्या मागून धूर निघत नाही, पाण्याची वाफ निघते. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने हरित हायड्रोजनची योजना मंजूर केली; २०३० पर्यंत दर वर्षी ५० लाख टन हायड्रोजन बनविण्याचा तिचा संकल्प आहे. परंतु अशा गाड्यांच्या विद्युतघटांत बहुधा प्लॅटिनमच लागतो. तो महाग राहील तोवर ही बस प्रदर्शनात शोभेल, आपल्या बसथांब्यावर येणार नाही. प्लॅटिनमचा एकही अणू वाया जाऊ नये, किंवा त्याची जागा साध्या लोखंडाने घ्यावी, ह्यासाठी ही सारी खटपट आहे.

इथवर कौतुक झाले. आता हिशेबाची दुसरी बाजू, कारण जमेबरोबर खर्चही मांडला तरच वही खरी.

‘उत्प्रेरक खर्च होत नाही’ हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी उच्चारले आहे. ते खरेच आहे. पण खर्च होत नाही म्हणजे तो नाहीसाही होत नाही! जपानातील मिनामाता येथे एका कारखान्यात पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरीत. सांडपाण्याबरोबर पारा समुद्रात गेला, समुद्रातून माशांत, माशांतून माणसांत. १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदविला गेला. अंगाचे भान जाणे, हातपाय वाकडे होणे, दृष्टी जाणे. आणि ज्या आयांना स्वतःला फारसे काही झाले नाही, त्यांच्या पोटातल्या बाळांना मात्र पाऱ्याने गाठले. उत्प्रेरक जागेवर होता तोवर कामाचा होता. सुटला तेव्हा पिढी खाऊन गेला. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१७ पासून तो अमलात आहे, आणि त्याला त्याच गावाचे नाव दिले आहे.

येथे आपला आजचा विषय खरोखर उपयोगी पडला आहे. दगडी कोळशापासून पीव्हीसीचा कच्चा माल करताना पाऱ्याचाच उत्प्रेरक वापरीत आले. त्याऐवजी सोने चालेल असे ग्रॅहम हचिंग्ज ह्यांनी १९८५ च्या सुमारास सांगितले होते. कोळशाच्या भुकटीवर बसलेले सोन्याचे सुटे अणूच हे काम करतात, हे २०१७ साली सिद्ध झाले. सोने सुटे सुटे बसविल्यामुळे इतके थोडे लागते की कारखानदारालाही परवडते. विषाच्या जागी सोने, आणि तेही चिमूटभर!

आपण राहतो तो मुलूख रसायनांचा. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, कितीतरी घरांची चूल ह्या कारखान्यांवर पेटते, आणि त्यांतली काही घरे ह्याच सभेत बसली आहेत. कारखान्यांना नावे ठेवून मला घरी जायचे नाही. पण वालधुनी आपल्याच अंगणातून वाहते. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर जिच्या काठी आहे ती ही नदी. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस तिच्या पाण्यात कोणी रसायन ओतले, आणि उल्हासनगरात काठच्या शेकडो लोकांना श्वास लागून दवाखान्यात न्यावे लागले. उत्प्रेरकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. हिशेब न ठेवण्याचा होता. वालधुनी पुढे उल्हासला मिळते, आणि उल्हासचे पाणी आपण पितो.

म्हणून नव्या विद्येलाही आपण तेच प्रश्न विचारले पाहिजेत. हा अणू आपल्या जागी किती दिवस टिकतो? सुटला तर जातो कोठे? त्याची मोजदाद कोण करतो? एकाणू उत्प्रेरकांचे पुष्कळसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. पापुद्र्यावर बसविलेला धातू वजनाने बहुधा शेकडा एक-दोनच असतो. ग्रॅमने करणे जमले, टनाने करणे अवघड जाते. उष्णता वाढली की गुठळ्यांची भीती आहेच. तेव्हा उद्या कोणी दारात येऊन ‘ग्राफीनचे’ किंवा ‘अणूचे’ म्हणून पाण्याचे यंत्र किंवा औषध विकू लागला, तर त्याच्याकडे तपासणीचा दाखला मागा. दाखला नसेल तर नम्रपणे दार लावून घ्या. कमलाबाई सोहोनींनीही उत्तर आयुष्यात ग्राहकांना भेसळ ओळखायला शिकविले, ते ह्याच बुद्धीने.

शेवटी एकच मागणे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली बी.एस्सी. होतात, आणि येथल्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत नमुने तपासायच्या नोकऱ्या धरतात. काम चांगले आहे. पण त्यांतल्या एखादीला पुढे शिकायचे असेल, तर ‘आता किती शिकणार?’ असे आपल्या तोंडून निघू नये. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथून काही तासांच्या अंतरावर आहे, पवईची आय.आय.टी. आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था तर लोकलच्याच टापूत आहेत. मंडळाने दर वर्षी अशा एका मुलीच्या परीक्षेची फी आणि पुस्तके ह्यांचा भार उचलावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवते. माझी पहिली वर्गणी मी आजच खजिनदारबाईंकडे दिली आहे.